आठ आठवडे, तीन दिवस

टाळ्या थांबायच्या आत ताईनं समोरचा माईक आपल्याकडे ओढला. तारेला हिसका बसला आणि शेजारी बसलेल्या उपसचिवांच्या पेल्यातलं पाणी त्यांच्या फायलीवर सांडलं. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि ताईकडे न बघता फाईल टिपायला घेतली.

"मला बोलायचंय," ताई म्हणाली.

"अवश्य, अवश्य," आरोग्य खात्याचे सचिव हसून म्हणाले. "आजचा मान तुमचाच आहे."

भिंतीवरच्या पडद्यावर नकाशा होता, नकाशावर हिरवे ठिपके होते आणि खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: मान्यताप्राप्त गर्भपात केंद्रांमध्ये सेवेची उपलब्धता, शंभर टक्के. वर्षभरापूर्वी याच दालनात ताईनं हाच नकाशा दाखवला होता. तेव्हा ठिपके चौपट होते आणि बहुतेक लाल होते. सरकारी यादीतल्या एकूण एक केंद्राला तिच्या लोकांनी गरजू बाई बनून फोन केला होता आणि गर्भपात करून घ्यायचाय, कधी येऊ, असं विचारलं होतं. चारातल्या तिघांनी नाही म्हटलं. कुणाचे डॉक्टर रजेवर होते, कुणाला नवऱ्याची सही हवी होती, जी कायद्यात कुठंही मागितलेली नाही. कुणी पुढच्या महिन्यात बघू म्हणालं, आणि पुढचा महिना उजाडेपर्यंत मुदत उलटून जाते हे म्हणणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. कायद्यानं हक्क दिला होता, यादीनं पत्ता दिला होता आणि पत्त्यावर गेलं तर दाराला कुलूप होतं. ताईचं म्हणणं लहान मुलालाही कळेल इतकं सोपं होतं. कुलुपं काढा, सरकारी रुग्णालयांत डॉक्टर नेमा, नाही म्हणणाऱ्याला जाब विचारा.

खात्यानं वर्षभर अहवालावर विचार केला आणि कुलुपांना हात न लावता दारंच पुसून टाकली. नाही म्हणणाऱ्या सगळ्या केंद्रांची मान्यता रद्द. यादीत उरली ती सगळी हो म्हणणारी. सुंठीवाचून खोकला गेला.

"तुम्ही यादी बरी केलीत," ताई म्हणाली. "बायकांचं काय केलंत?"

"मॅडम, बायका खोट्या पत्त्यांवर हेलपाटे घालत होत्या, हे तुमच्याच अहवालातलं वाक्य आहे. आता एकीलाही हेलपाटा पडणार नाही."

"कारण जायला जागाच ठेवली नाहीत. डोंगरापलीकडं बघा. एक ठिपका नाही. तिथल्या बाईनं कुठं जायचं?"

"तिथं आधीही सेवा मिळत नव्हतीच की. आकडा तुमचाच आहे." सचिवांचा आवाज इतका गोड होता की ऐकणाऱ्याला वाटावं, ताईच उगीच भांडायला आली आहे. "संशोधनाचा धोरणावर इतका थेट परिणाम मी माझ्या नोकरीत पाहिलेला नाही. तुम्ही तर आनंदात असायला हवं."

आपलेच दात, आपलेच ओठ. दालनात पुन्हा टाळ्या झाल्या. कुणीतरी ताईच्या हातात पुष्पगुच्छ दिला, कुणीतरी फोटो काढला. फोटोत ताईचं तोंड उघडं आहे, कारण ती तेव्हाही बोलत होती. माईक मात्र तोवर बंद केलेला होता.

जिना उतरताना ताईनं पुष्पगुच्छ पहारेकऱ्याच्या टेबलावर आपटला. तो बिचारा दचकून उभा राहिला. तिला सगळ्यात जास्त राग स्वतःचा आला होता. केंद्रांची नावं तिनं अहवालात दिली नव्हती. पण पैसा सरकारचा, म्हणून कच्ची माहितीही सरकारची, असं करारात होतं. खात्यानं ती मागितली तेव्हा तिनं हौसेनं पाठवली होती. तिला वाटलं होतं, कुठं डॉक्टर नाहीत ते कळलं की डॉक्टर पाठवतील. इतकी वर्षं सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवून तिला असं वाटलं, यावर तिचा आता विश्वास बसत नव्हता.

ताईचं कार्यालय एका छापखान्याच्या वर होतं. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत प्लायवूडचे चार आडोसे केलेले, प्रत्येकात एक फोन आणि एक खुर्ची. तिथं बसून चार जणी दिवसभर फोन लावायच्या. त्यातली सगळ्यात पटाईत म्हणजे वहिनी. ती ताईच्या थोरल्या भावाची बायको. तरुणपणी तिनं हौशी नाटकांत कामं केली होती, आणि आता पन्नाशी उलटली तरी फोनवर विशीतली वाटायची. या कामावर घेतलं त्या दिवशीच तिनं सगळ्यांना हसवून ठेवलं होतं. "वन्सं, या वयात मला रोज वीसदा दिवस जाणार. तुमच्या भावाला आधी सांगून ठेवा, नाहीतर त्यांना झटका यायचा."

ताई जिना चढून आली तर चारही आडोसे गप्प. फोन कुणीच लावत नव्हतं. आतल्या खोलीत बाकावर एक म्हातारी बाई बसली होती. पांढरे केस घट्ट बांधलेले, पायांत कापडी बूट, मांडीवर औषध कंपनीच्या नावाची जुनाट बॅग. वहिनीनं तिच्यासमोर चहा ठेवला होता. त्यावर साय धरली होती.

"या डॉक्टरीणबाई," वहिनी हळूच म्हणाली. "डोंगरापलीकडून आल्यात. पहाटेच्या गाडीनं."

म्हातारीनं ताईला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुझंच का हे दुकान?"

"संस्था आहे," ताई म्हणाली.

"असेल. मला एवढंच सांग, तुमच्यातली ती आठ आठवडे तीन दिवसांची कोण?"

वहिनीनं शाळेत हात वर करावा तसा हात वर केला.

"वाटलंच. चहा आणलास तेव्हा आवाजावरून वाटलं होतं." डॉक्टरीणबाईनं बॅगेतून एक घडी केलेला सरकारी कागद काढून ताईच्या पुढ्यात टाकला. "वाच. तुझ्या संस्थेचं नाव आहे त्यात. दूरध्वनीवरून विचारणा केली असता सदर केंद्राने सेवा नाकारली, सबब मान्यता रद्द. चाळीस वर्षं मी हे काम करतेय. दहा गावांत मी एकटी. आणि माझ्या दाराला सील ठोकलं ते तुमच्या या पोरखेळावरून."

ताईनं कागद वाचला. तो खरा होता.

"पण तुम्ही नाही म्हटलं होतंत," ती म्हणाली.

"म्हटलं. म्हणणारच." म्हातारीचा आवाज चढला. "तुम्ही लोक कुठल्या जगात राहता? फोन करून काय म्हणालात, आठवतंय का? बोल गं, तूच बोल."

वहिनीनं ताईकडं पाहिलं. ताईनं मान हलवली. मग वहिनीनं ते वाक्य म्हटलं, अगदी तालमीत बसवल्यासारखं. "नमस्कार. मी विवाहित आहे. मला आठ आठवडे तीन दिवस झाले आहेत. मला गर्भपात करून घ्यायचा आहे. आपल्याकडे कधी येता येईल?"

"ऐकलंस?" डॉक्टरीणबाई ताईला म्हणाली. "चाळीस वर्षांत एक बाई माझ्याशी असं बोललेली नाही. गर्भपात हा शब्दसुद्धा कुणी उच्चारत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवतात सगळ्या. एक म्हणते, पोटात वात धरलाय. एक म्हणते, बहिणीसाठी विचारतेय. एक बाई तर तीनदा फोन करून दवाखाना किती वाजता उघडतो एवढंच विचारून ठेवून द्यायची, चौथ्यांदा मीच म्हटलं, ये, उद्या ये, कुणी नसतं दुपारी. अशा बोलतात बायका. आठवडे मी मोजते, त्या नाही."

"मग आमच्या फोनवर तुम्हाला काय वाटलं?"

"काय वाटणार? सापळा वाटला. चार वर्षांमागं अशीच एक आली होती फोनवर, शुद्ध, स्वच्छ. मी ये म्हटलं. दुसऱ्या दिवशी दारात पन्नास माणसं, कॅमेरे, हातात फलक. मला खुनी म्हणाले. काचा फुटल्या. आत एक पोर टेबलावर होती, तिला मी स्वयंपाकघरातून मागच्या बाजूनं काढली, कपडे नीट घालायलाही वेळ मिळाला नाही तिला. पोलीस आले आणि त्यांनी माझीच कागदपत्रं तपासली. तेव्हापासून मी कानाला खडा लावलाय. जी नीट बोलते तिला नाही म्हणायचं."

ताई खुर्चीवर बसली. ते वाक्य तिचं होतं. तीन महिने खपून तिनं ते घडवलं होतं, नीतिसमितीकडून मंजूर करून घेतलं होतं. त्यात एक शब्द कमी-जास्त झाला तरी ती फोन बाद करायची. सगळ्यांना एकच प्रश्न विचारला तरच उत्तरांची तुलना करता येते, हे ती प्रत्येक नव्या मुलीला पहिल्या दिवशी शिकवायची. वहिनी एकदा म्हणालीही होती, वन्सं, असं कुणी बोलतं का हो? मी जरा रडू का, अडखळू का? ताईनं तिला झापलं होतं. इथं नाटक नाही चाललेलं, वहिनी, इथं शास्त्र चाललंय.

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी," वहिनी आता म्हणाली.

"तुमच्या आसपासची बाकीची केंद्रं," ताईनं विचारलं, "तीही अशीच घाबरून नाही म्हणाली असतील?"

"छे. ती खरोखरच करत नाहीत. तालुक्याचा डॉक्टर यादीत नाव लावून बसलाय आणि आलेल्या पोरींना कीर्तन ऐकवून परत पाठवतो. त्याचं तुम्ही बरोबर पकडलंत. चुकलात ते माझ्यापाशीच." ती जरा थांबली. "सील लागल्यापासून तिघीजणी येऊन गेल्या. मी त्यांना इकडं शहरात पाठवलं. दोघी गेल्या. तिसरीनं गावातल्या कुणाकडून तरी काहीतरी घेतलं. ती वाचली. पण तिचं गर्भाशय काढावं लागलं. एकवीस वर्षांची आहे."

आडोशातल्या तिघी मुली उठून दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. ताईनं त्यांना जा म्हटलं नाही. तिच्या डोळ्यांपुढं तो नकाशा आला. हिरवे ठिपके, शंभर टक्के आणि पुष्पगुच्छ. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी एका फोनवरून एका म्हातारीचं दार बंद केलं, एकदा जाऊन बघावंसंही कुणाला वाटलं नाही. आणि फोन तिचा होता.

तिनं तिथंच, सगळ्यांसमोर सचिवांना फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला.

"एका केंद्राची नोंद चुकलीय," ती म्हणाली. "तिथं सेवा मिळत होती. फोन बनावट आहे हे डॉक्टरांनी ओळखलं, म्हणून त्या नाही म्हणाल्या. आजच मान्यता परत द्या."

पलीकडून सचिवांनी विचारलं, "म्हणजे अहवालात चूक आहे, असं तुम्ही म्हणताय."

"एका नोंदीत."

"मॅडम, मी तुमचा हितचिंतक म्हणून सांगतो. एक नोंद चुकली म्हणालात की उद्या सगळे विचारतील, बाकीच्या कशावरून बरोबर? सरकारी रुग्णालयांना सेवेची सक्ती करावी, ही तुमची मागणी याच अहवालावर उभी आहे ना? मग अहवाल फेरतपासणीला पाठवावा लागेल. दोन वर्षं तरी जातील. तोवर सगळंच थांबेल."

ताईनं ओठ दाबून धरले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. दाराशी उभ्या मुलींपैकी एकीनं सचिवांना एक सणसणीत शिवी दिली. ती फोनवर पोचली असावी, कारण सचिव जरा खाकरले.

"एक मार्ग आहे," ते म्हणाले. "अहवालाला हात लावू नका. फक्त त्या केंद्रापुरतं पत्र द्या. नकार केवळ बनावट फोनला होता, कोणत्याही खऱ्या गरजू महिलेस या केंद्राने कधीही नकार दिलेला नाही, असं तुमच्या सहीनं, ठामपणे लिहा. तेवढ्यावर मी मान्यता परत देऊ शकतो. आजच पाठवलंत तर उद्या सही करतो."

"कधीही?"

"कधीही. तो शब्द हवा. नाहीतर आमच्या लेखापरीक्षणात टिकणार नाही."

ताईनं फोन ठेवला. तिनं डॉक्टरीणबाईकडं पाहिलं, डॉक्टरीणबाईनं खिडकीकडं. छापखान्यातलं यंत्र खाली धडधडत होतं आणि त्यानं टेबलावरचे पेले बारीक थरथरत होते.

"एक वाक्य तर आहे," वहिनी म्हणाली. "लिहा की वन्सं. अशी संधी पुन्हा देणार नाही तो बोका."

ताईनं लिहिलं. इतक्या वर्षांत तिनं इतकं भराभर काही लिहिलं नव्हतं. आपलं घडवलेलं वाक्य बनावट वाटण्याजोगं होतं, हेही तिनं लिहिलं, आणि तसं लिहिताना तिला अपमान वाटण्याऐवजी हलकं वाटलं. तिसऱ्या परिच्छेदात सचिवांचं वाक्य टाकलं. एका मुलीनं पत्र छापून आणलं. ताईनं सहीसाठी पेन काढलं, पण आधी कागद डॉक्टरीणबाईच्या हातात दिला.

"तुम्ही एकदा वाचून घ्या."

डॉक्टरीणबाईनं चष्मा लावला. ती हळूहळू, बोट फिरवत वाचत होती. बोट तिसऱ्या परिच्छेदावर गेलं आणि तिथंच राहिलं. तिनं ते वाक्य ओठांतल्या ओठांत पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मान्यतेसाठी मी पत्र टाकलं असतं तरी भागलं असतं," ती म्हणाली. "इतक्या लांब आले ते एक विचारायला. सकाळपासून तोंडाशी येतंय आणि मागं जातंय."

"विचारा ना."

"मला त्या महिन्यात असे दोन फोन आले होते. एक हिचा. दुसरा दोन-चार दिवसांनी. तोही असाच, सगळं नीट. इतके आठवडे झालेत, इतके दिवस झालेत, कधी येऊ. मधेच ती रडायला लागली. मी मनात म्हटलं, काय नाटकं करतात मेल्या. सरळ नाही म्हणून ठेवून दिला." ती ताईकडं झुकली. "दोन्ही तुमचेच होते ना?"

ताईनं पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. एका केंद्राला एकच फोन. दुसरा केला तर खऱ्या बाईचा वेळ खाल्ल्यासारखं होतं, म्हणून तो नियम तिनं कधी मोडू दिला नव्हता. आणि तिनं घडवलेल्या वाक्यात रडणं नव्हतं. आठवडे आणि दिवस आता कुणालाही सांगता येतात. मोबाईलवर तारीख टाकली की तो मोजून देतो. शाळेतल्या पोरीलासुद्धा देतो.

"दोन्ही मीच केले होते, डॉक्टरीणबाई," वहिनी म्हणाली. ती पुढं आली आणि बाकावर म्हातारीच्या शेजारी बसली. "पहिल्या वेळी आवाज नीट आला नाही, म्हणून दुसऱ्यांदा लावला. रडणंही माझंच. नाटकात कामं केलीत मी, सवय जात नाही. वन्सं मागाहून खूप रागावल्या होत्या मला. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. दुसरी कुणी नव्हती."

तिनं हे सगळं म्हातारीच्या डोळ्यांत बघून सांगितलं. गालावर हसूसुद्धा आणलं. दाराशी उभ्या असलेल्या मुलींना तर ते खरंच वाटलं.

डॉक्टरीणबाईनं वहिनीचा हात हातात घेतला आणि थोपटला.

"फोनवरही तू अशीच बोलली होतीस," ती म्हणाली. "एकदासुद्धा अडखळली नाहीस."

वहिनीनं मान खाली घातली.

"ते वाक्य खोड," डॉक्टरीणबाई ताईला म्हणाली.

"मग ते मान्यता देणार नाहीत."

"नाही देणार."

"आणि तुमच्या दहा गावांतल्या बायका?" ताईचा आवाज फाटला. "तुमच्या एका खरेपणापायी त्यांनी काय करायचं? तो माणूस तिथं खुर्चीत बसून खोटं बोलतो, आख्खा नकाशा खोटा करतो, त्याला कुणी जाब विचारत नाही! आपण एक ओळ खोटी लिहिली तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"कोसळणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. "पण कधीही नकार दिला नाही असं तू सहीनं लिहिलंस, की ती पोर नव्हतीच असं होतं. त्यांनी तिला यादीतून काढली, तू कागदावरून काढणार. मग तिनं जायचं कुठं? खोड ते. आणि त्या जागी लिही, की एका खऱ्या पोरीला या केंद्रानं नाकारलं. का नाकारलं तेही लिही. दारात कोण उभं राहिलं होतं, काचा कुणी फोडल्या, पोलिसांनी कुणाची कागदपत्रं तपासली, सगळं लिही. मी घाबरले ते कुणाला, हे त्यांना वाचू दे."

"वाचणार नाहीत ते."

"तू लिही तर."

"पत्र परत पाठवतील. अहवाल फेरतपासणीला टाकतील."

"मग तपासू देत. माझ्या दाराशी येऊन तपासू देत. मी दहा गावांतल्या बायका आणून बसवते पायऱ्यांवर."

म्हातारी ताठ बसली होती, बॅग मांडीवर घट्ट धरून. दाराला सील, मनात पुन्हा काचा फुटायची भीती, आणि ही बाई सचिवांना आपल्या पायऱ्यांवर बोलावत होती. ताईला एकदम हसू आलं. तिनं पत्र ओढून घेतलं, तिसऱ्या परिच्छेदातलं ते वाक्य एका रेघेत खोडलं, आणि समासात हातानं लिहायला लागली. अक्षर वेडंवाकडं येत होतं. वहिनी डोळे पुसून तिच्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली.

"किती आठवडे सांगितले होते तिनं?" ताईनं मान वर न करता विचारलं.

"दहा आठवडे, एक दिवस."

ताईनं ते लिहिलं.

"आणखी काही सांगितलं होतं?"

डॉक्टरीणबाईनं चष्म्याची काडी उघडली आणि मिटली.

"नाव सांगायला लागली होती," ती म्हणाली. "तेवढ्यात मी फोन ठेवला."